सीपीएसएसची तयारी: ज्या परीक्षेला दुसरी खेप नाही

बारावीत गचके बसले तर पुरवणी आहे. एनडीएची, म्हणजे बारावीनंतर सैन्यदलांत अधिकारी व्हायच्या वाटेची, लेखी वर्षातून दोनदा होते. एसएसबी म्हणजे लेखीनंतरची पाच दिवसांची निवड चाचणी, तिथून परत पाठवलं तरी पुढच्या वेळी पुन्हा बॅग भरून जाता येतं. एअरफोर्सच्या पायलट निवडीतली कॉम्प्युटरवरची परीक्षा, सीपीएसएस, मात्र आयुष्यात एकदाच देता येते. सतराव्या वर्षी एनडीएच्या वाटेने गेलात आणि तिथे घसरलात, तर बाविसाव्या वर्षी एएफकॅट (पदवीनंतरची एअरफोर्सची प्रवेश परीक्षा) देऊन पुन्हा फ्लाइंग ब्रँच, म्हणजे पायलटची शाखा, मागता येत नाही. नौदलाच्या पायलट एंट्रीलाही हीच अट आडवी येते.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. नव्वदच्या दशकात ह्या परीक्षेचा जुना अवतार होता, पीएबीटी, म्हणजे पायलट अ‍ॅप्टिट्यूड बॅटरी टेस्ट. त्यात तीन भाग असत: विमानातली घड्याळं, म्हणजे वेग-उंची दाखवणाऱ्या काट्यांच्या तबकड्या, वाचण्याचा कागदावरचा पेपर, हातापायांचा मेळ तपासणारं एक यंत्र आणि सरकत्या रेघेवर ठिपका धरून ठेवायचं दुसरं यंत्र. मी पाचही दिवसांची एसएसबी पार करून त्या हातापायांच्या यंत्रापाशी नापास झालो. आता गावाकडच्या पोरांना संध्याकाळी शिकवतो, त्यातून जे उमगलं ते इथे क्रमाने लिहितो.

सीपीएसएस म्हणजे कॉम्प्युटराइज्ड पायलट सिलेक्शन सिस्टिम. कल्पना डॉ. कलामांची, बांधणी डीआरडीओ ह्या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेची. ढोबळ मानाने दोन भाग: स्क्रीनवरचे बुद्धीचे प्रश्न, आणि कॉकपिटसारख्या बैठकीवर बसून स्टिक (विमान वळवायची दांडी), थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) आणि पायाखालचे रडर पेडल (नाक डावी-उजवीकडे वळवणारे) वापरून, पळणारा ठिपका चौकटीत ठेवायची परीक्षा. "ही उपजत गोष्ट, हिची तयारी होत नाही" असं पुष्कळ जण सांगतात. अर्धं खरं आहे. उपजत जे आहे ते वाढवता येत नाही. पण पोरं उपजत कमी पडून जितकी जातात, तितकीच अनोळखीपणाने, जागरणाने आणि सूचना नीट न ऐकल्याने जातात. तेवढं आपल्या हातात आहे.

पायरी १: आधी टेप, मग स्वप्न

शिंप्याकडची टेप आणा. भिंतीला पाठ आणि कुल्ले घट्ट टेकवून जमिनीवर पाय लांब करून बसा. भिंतीपासून टाचेपर्यंतचं अंतर म्हणजे पायाची लांबी. फ्लाइंगसाठी ती ९९ ते १२० सेंटिमीटर लागते. मग स्टुलावर ताठ बसून भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मोजा, ती मांडी. ६४ सेंटिमीटरच्या वर नको. बैठकीपासून डोक्याच्या टोकापर्यंतची बसकी उंची ८१.५ ते ९६. उभी उंची किमान १६२.५. पेडलपर्यंत पाय पोचला पाहिजे, आणि संकटात सीटसकट बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनलला लागता कामा नयेत, म्हणून हे आकडे.

टेप झाली की डोळे. एका डोळ्याने ६/६ आणि दुसऱ्याने ६/९ चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे. उणे नंबर फ्लाइंगला चालत नाही. पदवीनंतरच्या एंट्रीत लेसिकला काही अटींवर वाट आहे, पण ऑपरेशन वयाच्या २० वर्षांआधी झालेलं नको आणि तपासणीच्या आधी किमान १२ महिने उलटलेले हवेत. रंगांधळेपणाची तपासणीही करून घ्या. ठिपक्यांतला आकडा ओळखायचं पुस्तक तालुक्याच्या नेत्रतज्ज्ञाकडे असतं. मी एक मुलगा पाहिला आहे, त्याने दोन वर्षं क्लास केला आणि हिरवा-लाल त्याला कळत नाही हे सगळ्यात शेवटी कळलं. शंभर-दोनशे रुपयांत जे पहिल्या दिवशी समजलं असतं ते.

पायरी २: वेळेचं गणित समजून घ्या

एअरफोर्सचे सिलेक्शन बोर्ड डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी आणि कांचरापाड्याला आहेत. पहिल्या दिवशी बुद्धिमापन आणि चित्रावरून गोष्ट लिहून ती गटात मांडणं. तिथे निम्म्याहून जास्त गर्दी परतीच्या गाडीला लागते. उरलेल्यांचे मानसशास्त्राचे पेपर, मैदानातले गटाचे टास्क, मुलाखत आणि अखेरीस कॉन्फरन्स, म्हणजे सगळ्या परीक्षकांसमोरची शेवटची बैठक. कॉन्फरन्समध्ये ज्यांचं नाव निघतं त्यांतल्या फ्लाइंगवाल्यांना सीपीएसएसला बसवतात.

इथेच गोम आहे. पोरं म्हणतात, "आधी एसएसबी निघू दे, मग सीपीएसएसचं बघू." पण मध्ये घरी येऊन तयारी करायला फुरसत मिळत नाही. पाच दिवस दमलेला, आदल्या संध्याकाळी नाव निघाल्याच्या आनंदात रात्रभर घरी, मामाला, मित्रांना फोन केलेला पोरगा दुसऱ्या दिवशी त्या सीटवर बसतो. म्हणून ही तयारी एसएसबीच्या पत्राची वाट न बघता, लेखी झाली की त्याच आठवड्यात सुरू करायची. दीड-दोन महिने, रोज तासभर. त्याहून जास्त करू नका. कंटाळलेल्या हाताला वळण लागत नाही.

पायरी ३: घड्याळं वाचायला शिका

सगळ्यात जास्त फळ देणारा अभ्यास हा आहे, आणि ह्याला पुठ्ठा, टाचणी आणि कर्कटक पुरतं. सहा तबकड्या करा: वेग, कृत्रिम क्षितिज, उंची, वळण, दिशा, आणि चढ-उताराचा वेग. विमानात त्या ह्याच क्रमाने दोन ओळींत बसवलेल्या असतात.

उंचीमापक म्हणजे आल्टिमीटर. त्याला जुन्या पद्धतीत तीन काटे: लांब काटा शेकड्यांचा, मधला हजारांचा, सगळ्यात छोटा दहा हजारांचा. चूक कशी होते बघा. लांब काटा ९ वर आहे, मधला जवळजवळ ३ वर, छोटा १ च्या थोडा पुढे. दहातले सात जण १३,९०० फूट म्हणतात. उत्तर १२,९०० आहे. मधला काटा ३ ला पोचलेला नाही, पोचत आलाय. पावणेतीनला तासकाटा तीनच्या अंगाला असतो म्हणून आपण पावणेचार म्हणत नाही, तेच इथे. नियम एवढाच की मधल्या काट्याने ओलांडलेला आकडा घ्यायचा, जवळचा नाही. पुठ्ठ्यावर काटे फिरवून घरातल्या कुणाला तरी रोज वीस वाचनं विचारायला सांगा. माझ्या एका विद्यार्थ्याची आजी हे काम करायची. तिला फूट-बीट काही कळत नव्हतं, पण पोरगं अडखळलं की तिला बरोबर कळायचं.

विमान किती कललंय ते दाखवणारं कृत्रिम क्षितिज सगळ्यांना फसवतं. मधलं छोटं विमान काचेला चिकटलेलं असतं, हलते ती मागची रेघ. विमान उजवीकडे झुकलं की रेघेचं उजवं टोक वर जातं. वाचून पटत नाही. मोबाइलचा कॅमेरा चालू करा, समोरच्या डोंगराची किंवा घराच्या कौलांची आडवी रेघ धरा आणि मोबाइल उजवीकडे कलवा, म्हणजे त्याची उजवी कड खाली. आता स्क्रीनच्या चौकटीच्या हिशेबाने ती रेघ बघा. उजवं टोक वर गेलेलं दिसेल. नुसतं डोकं कलवून हे दिसत नाही, कारण मेंदू लगेच दुरुस्ती करून घेतो. मोबाइल ती करत नाही. पन्नास वेळा करा. त्यानंतर छोटं विमान रेघेवरच्या निळ्या भागात आहे की खालच्या मातीच्या रंगात हे बघून नाक वर की खाली ते बोला: विमान निळ्यात असेल तर नाक वर, मातीत असेल तर खाली.

दिशेचं गणित तोंडी हवं. उजवीकडे वळलं की मिळवा, डावीकडे वळलं की वजा करा, ३६० ओलांडलं तर ३६० काढा. ३३० वरून उजवीकडे ९० म्हणजे ४२०, म्हणजे ०६०. उलटी दिशा काढायला १८० मिळवण्यापेक्षा २०० मिळवून २० काढणं झटपट होतं. सराव हवा तर धावपट्ट्यांचे नंबर घ्या. मुंबईची मुख्य धावपट्टी ०९/२७, म्हणजे एका टोकाने दिशा साधारण ०९०, दुसऱ्याने २७०. पुण्याची लोहगावची १०/२८. दोन्हींत फरक १८ चा, म्हणजे १८० अंशांचा. हे एकदा डोक्यात बसलं की दिशेचा प्रश्न हसत सुटतो.

बाकीच्या तबकड्यांवर फार वेळ घालवू नका. वेग नॉटमध्ये असतो. ६० नॉट म्हणजे मिनिटाला एक सागरी मैल, तर १८० नॉट म्हणजे तीन. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. चढ-उताराचा काटा मिनिटाला किती फूट ते सांगतो. ८,००० वरून मिनिटाला ५०० ने उतरत ६,५०० ला यायला तीन मिनिटं. प्रमाण वळण सेकंदाला ३ अंशांचं, म्हणजे पूर्ण गिरकीला दोन मिनिटं. बस.

पुढची पायरी म्हणजे सहाही तबकड्या एकत्र. कुणाला तरी त्या लावायला सांगा आणि पाच सेकंदांत एका वाक्यात बोला: "विमान उजवीकडे झुकून, उतरत, दोनशे चाळीसच्या दिशेने, बारा हजार नऊशेवर." पर्याय न बघता वाक्य बोलता आलं पाहिजे. पर्याय बघून तबकडी वाचणारा गोंधळतो.

पायरी ४: पाय आणि सायकल

आता ज्या गोष्टीने मी नापास झालो ती. स्टिक उजव्या हातात असते. ओढली की नाक वर, ढकलली की खाली. हे बहुतेकांना पटकन जमतं. अडतं ते पायांत.

लहानपणापासून आपण सायकल चालवतो. हँडलची उजवी मूठ पुढे ढकलली तर सायकल डावीकडे वळते. रडरचं उलटं आहे: उजवं पेडल पुढे दाबलं की नाक उजवीकडे. दहा वर्षांची सवय शरीरात मुरलेली असते आणि ती ताणाच्या क्षणी वर येते. मला नियम माहीत होता. तोंडपाठ होता. तरी दिवे लागायला आणि आवाज यायला लागल्यावर माझा पाय सायकलचाच पाय झाला, आणि ठिपका चौकटीबाहेर पळत राहिला.

ह्यावर घरगुती उपाय आहे. दोनेक फूट लांबीची फळी घ्या, मधोमध भोक पाडून बोल्टने जाड पाटावर बसवा, फिरेल इतपत सैल. सुताराकडे अर्ध्या तासाचं काम. पूर्वीच्या विमानांत पेडलांऐवजी अशीच दांडी असे. खुर्चीवर बसून दोन्ही पाय फळीवर ठेवा, समोर भिंतीवर खडूने चौकोन काढा. मित्राला टॉर्चचा ठिपका भिंतीवर डावी-उजवीकडे हळूहळू सरकवायला सांगा. ठिपका डावीकडे निसटला की त्याला उजवीकडे आणायचं, म्हणजे उजवा पाय दाबायचा, आणि तुमची फळी बघून मित्राने ठिपका आणायचा. गंमत वाटेल, पण दोन आठवड्यांत पाय विचार न करता जायला लागतो. कॉम्प्युटर असेल तर साधी जॉयस्टिक घेऊन फ्लाइट सिम्युलेटरचा गेम खेळा. मात्र जॉयस्टिक पिळून वळवायची सोय बंद करा, ती वाईट सवय लावते.

एक गमतीची गोष्ट सांगतो. आमच्याकडे एक मुलगी यायची, घरचा ट्रॅक्टर चालवणारी. ट्रॅक्टरला दोन चाकांचे ब्रेक वेगळे असतात, बांधाशी आखूड वळायचं तर वळायच्या बाजूचा ब्रेक दाबायचा: उजवा ब्रेक, उजवीकडे वळण. तिला फळी समजावून सांगावी लागलीच नाही. "हे तर आपलंच आहे," म्हणाली. दोन्ही ब्रेक उजव्याच पायाखाली असले तरी दाबल्या बाजूला वळायचं हे तिच्या अंगात होतं. तेव्हा शेतकऱ्याच्या पोरांनी विमानाच्या कळींना उगाच बिचकू नये.

आणखी एक: पकड. ठिपका पळाला की पोरं स्टिक आवळतात आणि मोठा झटका देतात, ठिपका चौकट ओलांडून पलीकडे जातो, मग उलटा झटका. झोपाळ्यासारखं. छोटं ढकला, थांबा, बघा. कोपर मांडीवर टेकवा, स्टिक तीन बोटांत धरा, अंडं धरल्यासारखी.

पायरी ५: एका वेळी दोन, मग तीन कामं

ठिपका चौकटीत ठेवता ठेवता दिवे लागतात, आवाज येतात, आणि त्यांना ठरलेल्या कळीने उत्तर द्यायचं असतं. आधी फक्त ठिपका, आठवडाभर. मग ताईला किंवा भावाला शेजारी बसवून मधूनच "लाल" किंवा "पिवळा" म्हणायला सांगा. लालला डाव्या हाताने टेबलावर एक टकटक, पिवळ्याला दोन. तिसऱ्या आठवड्यात शिट्टी आणा: शिट्टीबरोबर रंग आला तर काहीच करायचं नाही. चौथ्यात तोंडी गणित: शंभरातून सात-सात वजा करत जा. ठिपका थोडा बिघडेल, बिघडू द्या. सगळं काम बरं करणारा हवा असतो. एक काम सुरेख आणि दोन सोडून देणारा नको असतो. दिवा चुकला तर चुकला. त्याच्या मागे मन गेलं की पुढचे तीन चुकतात.

हे टेबल टेनिसच्या बॅटवर चेंडू उडवत अंगणात चालतानाही करता येतं. पैसे लागत नाहीत.

पायरी ६: सूचना ऐकणं

आमच्या मराठी माध्यमाच्या मुलांची खरी गळती इथे होते, आणि ह्याबद्दल कुणी बोलत नाही. सूचना इंग्रजीत येतात. कुठला दिवा, कुठली कळ, कधी दाबायची, कधी नाही, हे पहिल्या ऐकण्यातच पक्कं व्हावं लागतं. ज्याच्या डोक्यात आधी भाषांतर होतं, त्याच्या हाताला नियम पोचेपर्यंत अर्धी वेळ गेलेली असते.

म्हणून रोज दहा मिनिटं हा खेळ खेळा. मित्राने इंग्रजीत पाच-सहा नियम लिहून ते एकदाच, झपाट्याने वाचायचे. लाल दिव्याला डावी कळ, पण आवाजासोबत असेल तर उजवी. हिरव्याला काही नाही. आकडा सम असेल तर सगळं उलटं. दुसरं वाचन नाही, लिहून घेणं नाही, लगेच सुरू. दुसऱ्या दिवशी नियम बदला. कालचे नियम आज डोक्यातून पुसता येणं हाच अर्धा सराव आहे. आणि बोर्डात सूचना संपल्यावर शंका विचारायला वाव दिला तर विचारा. तिथे हुशारी दाखवायला कुणी गप्प बसू नये. सरावाची फेरी मिळाली तर ती कळा ओळखण्यासाठी वापरा. स्टिक मुद्दाम टोकापर्यंत नेऊन बघा, किती ढकललं की ठिपका किती जातो ते.

क्लासच्या यंत्रांबद्दल

काही क्लासवाले "हुबेहूब सीपीएसएस" म्हणून यंत्र दाखवतात आणि भरपूर फी घेतात. खरं यंत्र बोर्डाच्या आत असतं, बाहेर कुणाकडे नाही. एखाद्या ठिकाणी दोन-तीन तास बसून पेडलांची भीती घालवायला हरकत नाही. पण त्यासाठी वडिलांना सोसायटीचं कर्ज काढायला लावू नका. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून मुलांची एनडीएची तयारी करून घेते, मुलींसाठी नाशिकला २०२३ मध्ये तशीच संस्था सुरू झाली. दहावीच्या वर्षीच त्यांच्या प्रवेश परीक्षेकडे लक्ष ठेवा.

तो दिवस

आदल्या रात्री फोन एकच करा, घरी, पाच मिनिटं. बाकीच्यांना निकाल लागल्यावर. सर्दी झाली असेल तर झोप येणारं औषध घेऊ नका. नाश्ता करा, पण पुरी-भाजी तट्ट होईपर्यंत नको. पातळ तळव्याचे बूट घाला. जाड सोलच्या स्पोर्ट्स शूजमधून पेडल कळत नाही. बसल्या बसल्या सीट आणि पेडल नीट जुळलेत का ते बघा, नसतील तर सांगा. सुरुवात बिघडली तर तिथेच सोडून द्या. पहिल्या मिनिटाचा हिशेब शेवटच्या मिनिटात करायचा नसतो.

पास झालात तर पुढे मेडिकल, दिल्ली किंवा बंगळुरूला, आणि मग गुणवत्ता यादी. यादी लागेपर्यंत गावात पेढे वाटू नका, हे मात्र सगळ्यांना सांगतो आणि कुणी ऐकत नाही.

नापास झालात तर फक्त फ्लाइंग जातं. एसएसबीतली शिफारस कायम राहते, आणि ती वापरायला अर्जात दुसरी पसंती लिहिलेली असावी लागते. हल्ली एनडीएतून एअरफोर्सच्या ग्राउंड ड्युटीच्याही, म्हणजे विमान न उडवणाऱ्या शाखांच्या, जागा निघतात, शिवाय लष्कर आणि नौदल आहेच. एएफकॅटच्या अर्जातही ग्राउंड ड्युटीच्या शाखा निवडता येतात. पसंतीक्रमाचे रकाने भरताना दहा मिनिटं जास्त घ्या, घरच्यांशी बोला, आणि जिथे खरंच जाल ते सगळं क्रमाने लिहा. माझ्या अर्जात मी एअरफोर्स एवढंच लिहिलं होतं, आणि तेव्हा एनडीएतून एअरफोर्स म्हणजे फक्त फ्लाइंग होतं.